सदतीस तासांचा गुरुवार, अकरा तासांचा रविवार

बुधवार

जेवणाची ताटं उचलून झाल्यावर भाचीच्या मुलाने टेबलावर पृथ्वीगोल आणून ठेवला. तीस सेंटिमीटर व्यासाचा आणि दक्षिण अमेरिकेवर खरचटलेला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी सिंगापूरहून न्यूयॉर्कला निघणार होते, मध्ये कुठेही न उतरता, आणि विमान कुठल्या बाजूने जाणार हे त्याला आत्ताच्या आत्ता हवं होतं. "मावशीआजी, इकडून का तिकडून?" म्हणत त्याने गोल एकदा उजवीकडे फिरवला, एकदा डावीकडे.

पोराचा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. सिंगापूर १०४ अंश पूर्व रेखावृत्ताजवळ, न्यूयॉर्क ७४ अंश पश्चिमेजवळ. बेरीज १७८. अजून दोन अंश असते, तर दोन्ही शहरांची रेखावृत्तं एकमेकांच्या अगदी पाठीशी आली असती. म्हणजे पूर्वेकडून गेलं काय नि पश्चिमेकडून गेलं काय, फरक जवळजवळ शून्य. मग जवळची वाट कोणती? शाळेच्या नकाशांचं काम करण्यात माझी पंचवीस वर्षं गेली आहेत, त्यामुळे असा प्रश्न आला की माझा हात आपोआप दोऱ्याकडे जातो. भाचीने शिवणाचा डबा काढून दिला.

दोऱ्याचं एक टोक त्याने सिंगापूरवर बोटाने दाबून धरलं, दुसरं मी न्यूयॉर्कवर धरलं आणि ताणलं. दोरा पूर्वेलाही गेला नाही आणि पश्चिमेलाही नाही. तो सरळ वर चढला, चीन, मंगोलिया आणि सायबेरिया पार करून उत्तर ध्रुवावरच्या पितळी खिळ्याला जवळजवळ घासून गेला आणि पलीकडे कॅनडावरून खाली उतरला. खऱ्या हिशेबात ही वाट ध्रुवापासून तीनशे किलोमीटरच्या आतून जाते. त्या गोलावर तेवढं अंतर म्हणजे सात मिलिमीटरसुद्धा नाही.

भिंतीवरच्या नकाशात हे कधीच दिसत नाही. मर्केटरने १५६९ साली जी पद्धत काढली, तिच्यात ध्रुव कागदावर मावतच नाही, कागद कितीही उंच घेतला तरी. त्यामुळे त्या नकाशावर लहानाचे मोठे झालेले आपण सगळे 'न्यूयॉर्क म्हणजे डावीकडे लांब' असं मनात धरून बसलेलो असतो.

मग दोरा कापून पट्टीवर मोजला. ३६ सेंटिमीटर आणि वर केसभर. या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे साधारण ४२५ किलोमीटर, म्हणजे १५,३०० च्या आसपास. छापील आकडा १५,३४९ किलोमीटर. शिवणाच्या दोऱ्याकडून याहून जास्त अपेक्षा ठेवू नये.

न थांबता जाणाऱ्या नियमित प्रवासी फेऱ्यांत आज याहून लांबची फेरी नाही. "याच्यापेक्षा लांब जाताच येत नाही?" असं त्याने विचारलं. येतं, पण फार नाही. पृथ्वीवर कुठलेही दोन बिंदू घ्या, बृहद्वृत्तावरून, म्हणजे ताणलेल्या दोऱ्याच्या वाटेने मोजलेलं त्यांच्यातलं अंतर वीस हजार किलोमीटरच्या फारसं पुढे कधीच जात नाही. त्यानंतर दुसरी बाजू जवळची होते. सिंगापूरच्या बरोबर पायाखालचा बिंदू पूर्व इक्वेडोरमध्ये येतो. त्याने लगेच गोलाखाली डोकं घालून तो शोधला. सापडला तो नेमका खरचटलेल्या जागी.

झोपायला जाताना भाचीने विचारलं, "मावशी, परत कधी येतेस? मी घ्यायला येईन."

"रविवारी सकाळी सहाला," मी सांगितलं. शनिवारी रात्री निघायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचायचं. यात विचार करण्यासारखं काय होतं?

गुरुवार

हा दिवस मी सदतीस तास जगले, तेव्हा त्याच्यावर जरा जास्त लिहिलं जाणार.

न्यूयॉर्कचं घड्याळ हिवाळ्यात सिंगापूरच्या तेरा तास मागे असतं. (उन्हाळ्यात बारा, कारण तिकडे घड्याळं एक तास पुढे सारतात.) तिकिटावर दुपारी साडेबाराला निघून त्याच संध्याकाळी सहाला पोहोचायचं असं छापलं होतं. वाचणाऱ्याला वाटावं, साडेपाच तासांचा प्रवास. त्यात तेरा मिळवले की साडेअठरा. तिकिटावरचा हा वेळ हवेतला नसतो. विमानाच्या चाकांखालचे ठोकळे निघाल्यापासून पलीकडे पुन्हा ठोकळे लागेपर्यंतचा तो वेळ. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीकडे रांगेत सरकत जाणं, उतरल्यावर गेटपर्यंत जाणं आणि वर थोडी राखीव सवड, सगळं त्यात धरलेलं असतं. म्हणून 'अमुक शहर ते तमुक शहर किती तास' या प्रश्नाला दोन उत्तरं असतात आणि लोक त्यावरून उगाच वाद घालतात.

विमान एअरबस ए३५०-९०० यूएलआर. शेवटच्या तीन अक्षरांचा अर्थ अतिदूर पल्ला. साध्या ए३५०-९०० च्या टाक्यांत सुमारे १,४१,००० लिटर इंधन मावतं, याच्यात १,६५,०००. गंमत म्हणजे त्यासाठी वेगळी टाकी जोडलेली नाही. आहे त्याच टाक्यांत जास्त भरता यावं म्हणून इंधनाची यंत्रणा बदलली आहे. जास्तीत जास्त २८० टन वजन घेऊन उडणाऱ्या या विमानाच्या टाक्या तुडुंब भरल्या, तर जवळजवळ निम्मं वजन नुसत्या इंधनाचं. म्हणजे सुरुवातीचे कित्येक तास विमान मुख्यतः आपलंच पुढचं इंधन वाहून नेत असतं. लांबचा डोंगर चढणारा माणूस पाठीवर सगळ्या दिवसांचं पाणी घेऊन निघतो, तसं. त्यामुळे इथे माणसं कमी: १६१ आसनं, आणि साधा वर्ग मुळातच नाही. माझं तिकीट कामाच्या खर्चातून होतं, एरवी मी अशी वाट धरली नसती.

सिंगापूर एअरलाइन्सने न्यूयॉर्कच्या परिसराला न थांबता पहिल्यांदा जोडलं ते २००४ साली, नेवार्कला, चार इंजिनांच्या ए३४०-५०० ने. चार इंजिनं तेवढंच तेल पितात. २०१३ मध्ये ती फेरी बंद झाली. ११ ऑक्टोबर २०१८ ला दोन इंजिनांचं हे विमान घेऊन पुन्हा सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२० पासून केनेडी विमानतळावरही.

निघण्याआधी कॅप्टनने सांगितलं, आजचा हवेतला वेळ १७ तास १० मिनिटं. पुढच्या रांगेतल्या कोणीतरी सुस्कारा सोडला. मी पडद्यावर वाट बघितली. कालच्या दोऱ्याशी तिचा काही संबंध नव्हता. दक्षिण चीन समुद्र, तैवानच्या पूर्वेकडून, जपानच्या दक्षिणेला वळसा, तिथून अख्खा प्रशांत महासागर, मग कॅनडाचा किनारा आणि पंचमहासरोवरांकडून न्यूयॉर्क. एकूण सोळा हजार सहाशेच्या आसपास. म्हणजे दोऱ्यापेक्षा साडेबाराशे किलोमीटर जास्त, जाणूनबुजून.

कारण एकच नाही. दोऱ्याची वाट बैकल सरोवराच्या पश्चिमेकडून सगळ्या सायबेरियावरून जाते आणि २०२२ पासून बऱ्याच कंपन्यांची विमानं रशियावरून उडत नाहीत. ध्रुवाजवळची थंडी हाही प्रश्न आहे. विमानाचं इंधन उणे सत्तेचाळीस अंशांच्या सुमारास गोठायला लागतं, त्यामुळे तिथे टाकीच्या तापमानावर डोळा ठेवावा लागतो. अडचण आली तर उतरायला विमानतळही मोजकेच. पण या सगळ्याच्या वर आहे तो वारा.

चार तास उलटले तेव्हा आम्ही ओकिनावाच्या आसपास होतो. सूर्य विमानाच्या शेपटीमागे असल्याने मला तो दिसला नाही, दिसलं ते पंखाचं टोक. ते आधी पिवळं, मग केशरी झालं आणि मी डोळे चोळेपर्यंत राखाडी. जमिनीवर सूर्यास्त निवांत असतो. इथे आपण सूर्याकडे पाठ करून पळत असतो, तर तो दुप्पट घाईने बुडतो.

त्यानंतर तासाभरात पडद्यावरचा वेग चढायला लागला. ९२०, ९८०, १,०५०. जपानच्या दक्षिणेला तो १,१२० वर गेला आणि तिथे बराच वेळ थांबला. विमानाने जोर वाढवला होता असं नाही. आजूबाजूच्या हवेच्या मानाने ते ताशी नऊशेनेच चाललं होतं. हवाच दोनशेहून अधिक वेगाने पूर्वेला निघाली होती. नदीच्या धारेत होडी घालावी आणि वल्हवणाऱ्याने तोच जोर ठेवावा, पण काठ मात्र भराभर मागे पडावा, तसं. हा जेट वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा, हिवाळ्यात सगळ्यात जोरकस आणि जपानवर तर फारच.

या वाऱ्याची एक गोष्ट मला नेहमी चुटपुट लावते. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हा वारा मोजला होता. १९२६ साली त्यांनी त्यावरचा अहवाल छापला तो एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या जागतिक भाषेत, सगळ्या जगाला वाचता यावा म्हणून. सगळ्या जगाने तो वाचला नाही. १९४४ मध्ये अमेरिकेची बॉम्बफेकी विमानं जपानवर एवढ्या उंचीवरून गेली तेव्हा हा वारा वैमानिकांना नव्याने 'सापडला'. भाषा निवडताना माणूस किती भाबडा असू शकतो, याचं दुसरं इतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

जेवण झालं, दिवे मंदावले, खिडक्या काळ्या झाल्या. हवा इतकी कोरडी की ओठ कागदासारखे. माझ्या शेजारच्या आसनावरचे आजोबा दर तासाला उठून शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन यायचे आणि बसताना पडद्याकडे बोट करून भुवया उडवायचे: किती राहिलं? आमची भाषा एक नव्हती, पण या प्रश्नाला भाषा लागत नाही. मी बोटं दाखवायचे. नऊ. आठ. एकदा मी सात दाखवली आणि पुढच्या वीस मिनिटांत पडद्यावरचे 'राहिलेले तास' ७:०२ वरून ७:०६ वर गेले. वारा थोडा पडला होता. आपण जवळ जातोय आणि वेळ वाढतोय, हे आजोबांना खुणेने कसं सांगायचं? मी सातच ठेवली.

निघून साडेनऊ तास झाले असतील, तेव्हा वाररेषा आली. पडद्यावर ती नसते, पण १८० अंशांचं रेखावृत्त कुठे येतं ते मी हेरून बसले होते. रेषेच्या अलीकडे, खालच्या समुद्रावर, शुक्रवार लागून अडीच तास झाले होते. विमानाने रेषा ओलांडली आणि पुन्हा गुरुवार पहाटेचे अडीच. शुक्रवार उसना मिळाला होता, तो परत घेतला गेला. एकशे साठ माणसं झोपलेली. कोणाला काही पत्ता नाही.

निघून बाराएक तास झाल्यावर पुढे उजवीकडे, अलास्काच्या आखाताच्या दक्षिणेला उजाडलं. तारीख तीच. पहाटे सिंगापूरला उगवलेला गुरुवार, ओकिनावाजवळ मावळलेला गुरुवार, आता तोच पुन्हा उगवत होता. दुसऱ्या महायुद्धात १९४३ ते १९४५ या काळात ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून श्रीलंकेतल्या कोग्गलापर्यंत कॅटालिना जातीची समुद्री विमानं गुपचूप टपाल आणि दोन-तीन माणसं घेऊन जायची. साडेपाच हजार किलोमीटरांना तीसेक तास लागायचे, त्यामुळे त्या प्रवाशांना एका उड्डाणात दोन सूर्योदय दिसत. त्यांना तसं प्रमाणपत्रही मिळे. त्यांचा दुसरा सूर्योदय विमान हळू होतं म्हणून, आमचा दुसरा सूर्योदय विमान पळत होतं म्हणून. आम्हाला प्रमाणपत्र मिळालं नाही.

हा दुसरा दिवस जेमतेम पाच तास टिकला. कॅनडाचा बर्फ, मग ढग, मग महासरोवरांचा करडा काठ, आणि केनेडीवर उतरायच्या पंधरा मिनिटं आधी सूर्य पुन्हा खाली गेला. या वेळी मात्र पूर्ण दिसला, नीट, गोल. चाकं टेकली तेव्हा तिथले पाच वाजत होते. आजोबांनी मूठ मिटून दाखवली: शून्य. मग हसले.

त्यानंतर गुरुवारचे अजून सात तास उरले होते. त्यांचं काय केलं ते आठवत नाही.

शुक्रवार

पहाटे तीनला टक्क जाग. शरीराच्या हिशेबाने दुपारचे चार, त्यामुळे चूक त्याची नव्हती.

दिवसभर बैठक. तीत सांगण्यासारखं काही नाही, नकाशांच्या कडेला समास किती ठेवायचा यावर दीड तास गेला. संध्याकाळी ग्रँड सेंट्रल स्टेशनात जाऊन मधोमध असलेल्या चार तोंडांच्या घड्याळाखाली उभी राहिले. वेळेच्या बाबतीत या शहराचं एक जुनं देणं आहे. १८ नोव्हेंबर १८८३ पर्यंत इथे प्रत्येक गावाची आपापली दुपार होती. सूर्य डोक्यावर आला की बारा. त्या दिवशी अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांनी आपसांत ठरवून देशाचे वेळपट्टे पाडले आणि न्यूयॉर्कची घड्याळं सुमारे चार मिनिटं मागे आली, कारण हे शहर ७५ व्या रेखावृत्ताच्या किंचित पूर्वेला आहे. बारा वाजले आणि चार मिनिटांनी पुन्हा बारा वाजले. ग्रीनिचला शून्य मानण्याचा ठराव त्याच्या पुढच्या वर्षी वॉशिंग्टनमध्ये झाला. चार मिनिटांसाठी तेव्हा लोकांनी कुरकुर केली होती म्हणे. मी तेरा तास मागे टाकून आले होते आणि कुरकुर करायलाही जागी नव्हते.

आठला झोपले.

शनिवार

बैठक दुपारी संपली. विमान रात्री साडेदहाचं. संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास मी खोलीवर बॅग भरत होते, पायात मोजा एकच घातलेला, दुसरा सापडत नव्हता, आणि फोन वाजला. भाची.

"मावशी, सगळे बाहेर आले. तू कुठे आहेस?"

"खोलीवर. बॅग भरतेय."

"कुठल्या खोलीवर?"

"न्यूयॉर्कच्या."

पलीकडे विमानतळावरच्या घोषणा ऐकू येत होत्या. एक ढकलगाडी कुठेतरी खडखडत गेली.

"मावशी, इथे रविवार सकाळ आहे."

मी पलंगावर बसले. शनिवारी रात्री साडेदहाला न्यूयॉर्कहून निघायचं म्हणजे सिंगापूरला तेव्हा रविवार सकाळचे साडेअकरा. वर अठरा-एकोणीस तास. म्हणजे सोमवार पहाट. पाचवीतल्या मुलांना मी हा हिशेब बाणांच्या चित्रासकट शिकवलेला आहे, पुस्तकात तो बाण माझ्या हातचा आहे. विमान रोजचं असल्यामुळे पोरीला फलकावरही काही वावगं दिसलं नव्हतं. बरोबर त्याच क्रमांकाचं विमान, बरोबर सहाला उतरलेलं. ती शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत उभी होती.

"तू शाळेच्या मुलांचे नकाशे करतेस ना?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता, हेच जास्त लागलं.

"उद्या..." मी म्हणाले आणि थांबले. 'उद्या' म्हणजे कोणाचा उद्या? "सोमवारी. पहाटे सहा. तुझ्या सोमवारी."

"टॅक्सीने ये," ती म्हणाली.

दुसरा मोजा शेवटपर्यंत सापडला नाही.

रविवार

हा दिवस पूर्ण हवेत गेला आणि तोही अकराच तासांचा. न्यूयॉर्कच्या मध्यरात्री सुरू झाला, सिंगापूरच्या मध्यरात्री संपला. मधले तेरा तास कुठेच नाहीत. गुरुवारी जे वर मिळाले होते, तेच इथे कापून घेतले. सदतीस आणि अकरा, अठ्ठेचाळीस.

परतीला विमान प्रशांत महासागराकडून आलं त्या वाटेने उलटं जाईल अशी माझी समजूत होती. पडद्यावर बाण पूर्वेकडे निघाला. अटलांटिक, आयर्लंड, युरोप, काळा समुद्र, कास्पियन, मग खाली भारतावरून बंगालच्या उपसागराकडे. विचार केला तर यात नवल नव्हतं. जेट वारा पश्चिमेकडून येतो. त्याच्या छाताडावर चालून सोळा हजार किलोमीटर जायचं की थोडं फिरून त्याच्याच पाठीवर बसायचं? जाताना पूर्व, येताना पूर्व. म्हणजे मी परत येत नव्हते, पृथ्वीला फेरी घालून पुढून घरात शिरत होते. ही वाट रोजची नसते. त्या दिवशीचा वारा बघून ती ठरते, कधी प्रशांतवरून, कधी इकडून. छापील अंतर तेच १५,३४९, आणि त्या आकड्यावरून त्या दिवशी कोणीच उडालेलं नसतं.

पण वाऱ्याची कृपा सगळ्या वाटेवर नव्हती. अटलांटिकवर वेग हजाराच्या वर होता, आयर्लंडजवळ उजाडलं. कास्पियनपर्यंत बरं चाललं. तिथेच सूर्यही बुडाला. या दिवसाचा उजेड सव्वापाच तासांचा. एकदा विमान उष्ण कटिबंधाकडे वळलं की जेट वारा वरच्या अंगाला राहतो आणि वेग मुकाट नऊशेवर येतो. आजचा हवेतला वेळ १८ तास ५ मिनिटं सांगितला होता. जाताना लागले त्यापेक्षा जवळजवळ तासभर जास्त.

रात्री केव्हातरी जागी झाले तर पडद्यावर 'नागपूर' असं नाव विमानाच्या चित्राखाली सरकत होतं. खिडकीची झडप बोटभर वर केली. खाली विरळ दिव्यांचे पुंजके, आणि त्यांना जोडणारी एक बारीक पिवळी रेघ, बहुतेक हमरस्ता. दहा मिनिटांत तेही गेलं. अकरा किलोमीटर म्हणजे खरं तर काहीच नाही, सायकलवर पाऊण तासाचं अंतर. फक्त ते उभं होतं.

मग झोप लागली नाही तेव्हा मॅगेलनच्या खलाशांचा विचार करत बसले. मॅगेलन स्वतः वाटेत मारला गेला, पण त्याच्या ताफ्यातलं 'व्हिक्टोरिया' जहाज १५२२ च्या जुलैमध्ये केप व्हर्डे बेटांपाशी पोहोचलं. जहाजावरच्या नोंदीप्रमाणे बुधवार होता; किनाऱ्यावरचे लोक म्हणाले, आज गुरुवार. तीन वर्षं एकही दिवस न चुकता नोंद केलेली, आणि तरी एक दिवस कमी. पश्चिमेकडे जात जात त्यांनी सूर्याबरोबर पृथ्वीला फेरी घातली होती, त्यामुळे त्यांच्या वाट्याला एक सूर्योदय कमी आला. माझं उलट: मी पूर्वेकडून फिरले, म्हणून मला एक सूर्योदय जास्त मिळाला. गुरुवारचा दुसरा, तोच तो. त्यांची चूक नव्हतीच. माझी होती, आणि मला तर कॅलेंडर, फोन, तिकीट सगळं हाताशी होतं.

सोमवार

पाच वाजून पंचावन्न मिनिटांनी उतरलो, अजून काळोख होता. बाहेर पडताना दारापाशी सवयीने इकडेतिकडे बघितलं. कोणी नव्हतं. टॅक्सी केली.

भाचीने दार उघडलं, घड्याळाकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे. एका पायात मोजा होता, दुसऱ्यात नव्हता. ती काही बोलली नाही, चहा टाकायला आत गेली.

मुलगा शाळेच्या कपड्यांत टेबलाशी बसला होता. पृथ्वीगोल बुधवारपासून तिथेच. कापलेला दोराही त्याने जपून ठेवला होता, गोलाच्या बुडाशी गुंडाळून. "इकडून गेलीस का तिकडून?"

मी त्याला सांगितलं. त्याने दोऱ्याचं टोक सिंगापूरवर ठेवलं आणि मी बोट फिरवेन तसा दोरा लावत गेला. तैवान. जपानच्या खालून. मग निळा, निळा, निळा. कॅनडाचा किनारा आला आणि पंचमहासरोवरं दिसेपर्यंत त्याच्या चिमटीत दोऱ्याचं टोक आलं.

"संपला."

"जायलाच कमी पडला," मी म्हणाले. "अजून यायचं राहिलंय."

त्याने गोल हळूच पुढे फिरवला, अटलांटिकवर नजर टाकली, मग युरोप, मग भारत, सिंगापूरपर्यंत. ओठ हलत होते, बहुधा मोजत होता. मग खुर्चीवरून उडी मारून शिवणाचा डबा शोधायला धावला.